साडेनऊ जोड्यांचा चोर

आबा,

तुमच्या नावावर चोरी छापून येतेय. नावावर म्हणजे तरी काय, नाव कुठं आहे त्यात! 'कुत्र्यांकडचा गडी' एवढाच तुमचा उल्लेख आहे, एकशेबाराव्या पानावर. त्याच पानावर लिहिलंय की मंदीच्या साली हा गडी क्लबची सगळी शिकारी कुत्री घेऊन पळाला, बहुधा विकायला. पुस्तक तुमच्याच क्लबच्या इतिहासाचं आहे. क्लब बुडाला, बंद पडला, त्याच्या कुंपणाच्या तारासुद्धा कुणीतरी काढून नेल्या, पण इतिहास मात्र निघतोय. जाड कागद, हिरवी कापडी बांधणी, अडीचशे दिरहमला एक प्रत, म्हणजे आपले पावणेसहा हजार रुपये. आणि आता हसू नका, त्याची पानं लावायचं काम कुणाकडे यावं? माझ्याकडे! दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समध्ये आमचं चार माणसांचं ऑफिस आहे. कंपन्यांचे अहवाल, शाळांची मासिकं, असलं काहीबाही आम्ही छापण्याजोगं करून देतो. लेआउट माझा, प्रूफ माझं. सोमवारी फाइल उघडली, स्वल्पविराम तपासत तपासत एकशेबारावर आले आणि खुर्चीतच बसून राहिले. गुरुवारी ही फाइल प्रेसला जायची आहे.

तुम्ही असता तर म्हणाला असता, "जाऊ दे पोरी. आपल्याला काय करायचंय नावाचं? कुत्री वळखत्यात मला, बास झालं की." ऐकलं, आबा. जन्मभर तुमचं हे 'जाऊ दे' ऐकलं. आई गेली तेव्हा तुम्हाला यायला सुट्टी मिळाली नाही, तेव्हाही जाऊ दे. या वेळी मी जाऊ देणार नाही. तुम्हाला आवडो न आवडो. तुम्ही गेल्याला आता बारा-तेरा वर्षं झाली, त्यामुळे तुम्हाला मला गप्प करता येणार नाही, हा एक फायदाच म्हणायचा.

माझ्या लेकीला मी काल हे सगळं सांगायला बसले तर ती म्हणाली, "वेट, आजोबा वॉज द फॉक्स?" बरोबर बोलली. इंग्लंडात म्हणे हे लोक लाल कोट घालून, घोड्यावर बसून, कुत्र्यांच्या झुंडीमागे कोल्ह्याची शिकार करायचे. इथे येऊन बांधकामाच्या आणि तेलाच्या कंपन्यांत साहेब झाले आणि वाळवंटातही तेच करायची त्यांना हुक्की आली. अल ऐनच्या रस्त्यावरून आत एक फार्म घेतलं, विमानात घालून कुत्री आणली, क्लब काढला. पण खरा कोल्हा मारायची परवानगी त्यांना नव्हती. मग कोल्हा आणायचा कुठून? तर तो तुम्ही. हिवाळ्यात दर शुक्रवारी पहाटे, कोल्ह्याच्या वासाच्या औषधात भिजवलेलं गोणपाट दोरीला बांधून तुम्ही ते वाळूतून सात-आठ किलोमीटर ओढत न्यायचात, मुद्दाम वेडीवाकडी वळणं घेत. मग त्या वासावर कुत्री सोडायची, कुत्र्यांमागे घोडे, घोड्यांवर लाल कोट. शेवटाला तुम्ही मांसाची बादली घेऊन उभे. कुत्री येऊन तुमच्या पायांवर लोळायची आणि साहेबलोक एकमेकांना शाबासकी द्यायचे. वीसहून जास्त हिवाळे तुम्ही त्यांचा कोल्हा होतात, आणि पुस्तकात तुमचा फोटो एकच आहे, त्यात दोरी दिसते आणि गुडघ्याखालचे पाय दिसतात. बाटलीतला वास वाळूत तासाभरात उडून जातो, म्हणून त्यात उंटाची चरबी खलायची युक्ती तुमची. ती पुस्तकात क्लबच्या सेक्रेटरीसाहेबांच्या, म्हणजे पुस्तक लिहिणाऱ्यांच्याच, नावावर आहे, चौकटीत, ठळक अक्षरात. त्या चौकटीची बॉर्डर मीच आखून दिली होती, सोमवारी सकाळी, पुढचं पान वाचायच्या आधी.

तुम्हाला या कामावर का घेतलं हे मला माहीत आहे. जत तालुक्यातल्या माणसाला कुत्रं शिकवावं लागत नाही. आपल्या घरी तुमच्या वडलांपासून कारवानी कुत्री होती, लांब पायांची, पोट पाठीला टेकलेली. तुम्ही आलात उंटांच्या गोठ्यावर कामाला, एजंटच्या मार्फत, आणि शेजारच्या फार्मवरचं एक पिसाळल्यासारखं करणारं विलायती कुत्रं तुम्ही नुसतं शेजारी बसून शांत केलंत म्हणून क्लबने तुम्हाला मागून घेतलं. मी तेव्हा चार वर्षांची होते. मग दर दोन वर्षांनी दोन महिने, एवढेच तुम्ही मला मिळालात. लग्न होऊन मी शारजाला आले, अल नहदामध्ये आमचा फ्लॅट, तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि तुमचा आवाज मला फोनवरचाच जास्त ओळखीचा होता. पहिल्या शुक्रवारी तुमचे जावई मला फार्मवर सोडून गेले. तुम्ही दारात आलात, हातात मोठं उलथनं, आणि म्हणालात, "आलीस व्हय? बस. पयलं ह्यांचं हुंदे."

तुमचं ते स्वयंपाकघर! मी आजही सांगू शकते कुठे काय होतं. पत्र्याची शेड, मधोमध गॅसवर भलंमोठं पातेलं, त्यात उंटाचं मांस आणि जवाचा भरडा रटरटतोय, आणि बाजूच्या छोट्या शेगडीवर तवा, त्यावर माझ्यासाठी भाकरी. दोन्ही उलथनी एकाच वेळी चालायची. मी नाकाला पदर लावून बसायचे. एक कुत्री, पांढरी, कानांवर तांबूस, माझ्या ताटाजवळ आली तर मी ओरडले, "हड!" तुम्ही भाकरी तव्यावर तशीच टाकून माझ्याकडे वळलात. आवाज चढवला नाहीत, पण मला अजून ऐकू येतो तो. "हड म्हनू नगंस. हे तिचं घर हाय. पाव्हनी तू हाईस." मला इतका राग आला! वीस वर्षांनी बाप नीट भेटतो आणि कुत्रीची बाजू घेतो! भाकरी तशीच टाकून मी बाहेर जाऊन उभी राहिले. उन्हात दहा मिनिटं उभं राहिल्यावर परत आत आले, कारण जाणार कुठे? चारही बाजूंना वाळू. तुम्ही ताटात तूप वाढलंत. तेव्हापासून चार हिवाळे मी दर शुक्रवारी आले. शिकार संपली, घोडे परतले की आपली जेवणं, आणि कुत्र्यांची मोजदाद. ती तुम्ही क्लबच्या रिवाजाप्रमाणे जोडीनं करायचात. साहेब विचारायचे, किती? तुम्ही सांगायचात, "साडेनौ." म्हणजे एकोणीस.

एका दिवाळीला तुम्ही मला जे दिलंत ते तुमच्या जावयांनी आधी सतरंजी समजून गॅलरीत टाकलं होतं. साहेबलोकांचे फाटके लाल कोट तुम्ही वर्षानुवर्षं जपून ठेवले होते आणि शारजातल्या रोल्याच्या शिंप्याकडून त्यांची गोधडी शिवून घेतली होती. आतली बाजू तुमच्या जुन्या लुंग्यांची. शारजात गोधडी कशाला लागते, एसी असला तरी! पण ती अंगावर घेतली की घोड्याचा, घामाचा आणि चरबीचा वास येतो, तीनदा धुऊनही येतो. मी तुम्हाला म्हटलं, "आबा, लाल कोट अंगावर घालायचा तर साहेब व्हावं लागतं." तुम्ही म्हणालात, "म्हनून तर पांगरायला दिला." आणि असे हसलात की ठसका लागला.

मग ती मंदी आली. इथे जे होते त्यांना सांगायला नको. क्रेनी होत्या तिथे थांबल्या. आमच्या ऑफिसात सोमवारी बारा माणसं होती ती गुरुवारी सात झाली. विमानतळावर लोक किल्ली गाडीतच ठेवून गाड्या सोडून गेले म्हणतात. तुमच्या क्लबात तर सगळे बांधकामवालेच. एका शुक्रवारी एकजण आला नाही, पुढच्या शुक्रवारी तिघं आले नाहीत. घोडे विकले गेले, घोड्यांना गिऱ्हाईक असतं. पण साडेनऊ जोड्या विलायती कुत्र्यांना कोण विचारतो? सेक्रेटरीसाहेबांची स्वतःची नोकरी गेली होती. त्यांनी फार्मवर फोन केला, तुम्ही मला तो संवाद अख्खा सांगितला होता, नक्कल करून. गुरुवारी जनावरांचा डॉक्टर येईल. सगळ्यांना सुई. तुम्ही धरायचं एकेकाला, कारण तुम्ही धरलंत तर ती हलणार नाहीत. दयाच आहे ही, असं साहेब म्हणाले. तुम्ही त्यांना तुमच्या मोडक्या हिंदीत सांगितलंत, "साब, मैं नहीं पकडेगा." साहेब म्हणाले, मग दुसरा कुणी पकडेल, पण ती घाबरून मरतील, ते तुला चालेल? हे ऐकून माझं डोकं असं फिरलं होतं! माणूस मरायच्या वेळी ज्याच्यावर विश्वास ठेवतो त्यालाच सुरी धरायला लावायची आणि वर त्याला दया म्हणायचं! पुस्तकात या फोनचा एक शब्द नाही. पुस्तकात आहे की 'कुत्र्यांच्या सन्मानपूर्वक निवृत्तीची व्यवस्था विचाराधीन होती'. विचाराधीन! डोंबल!

बुधवारी पहाटे मी आले ती तुम्ही बोलावलंत म्हणून. "गाडी घिऊन ये, एकटी ये," एवढंच फोनवर. मला वाटलं तुम्हाला दवाखान्यात न्यायचंय. धुकं एवढं होतं की रस्त्याच्या पट्ट्यासुद्धा दिसत नव्हत्या. तुम्ही दारातच थांबला होतात, कमरेला दोरी, दोरीला ते गोणपाट, आणि चरबीचा वास सगळीकडे. तिथून नऊ किलोमीटरवर एका म्हाताऱ्या बदूचा, म्हणजे वाळवंटी अरबाचा, उंटांचा गोठा होता. तुमचा जुना दोस्त, स्वतः सलुकी जातीची शिकारी कुत्री बाळगणारा. तो घ्यायला तयार होता. पण एकोणीस कुत्री न्यायची कशी? ट्रक बोलवायचा तर कुणीतरी क्लबला कळवणार. दोरीला बांधून न्यायची तर एक माणूस दोनपेक्षा जास्त धरू शकत नाही. तुम्ही म्हणालात, "मला येतं त्येच करतो." म्हणजे कोल्हा व्हायचं. तुम्ही पुढे वास ओढत गोठ्यापर्यंत जायचं, पावणेदोन तासांनी मी फाटक उघडायचं. धुकं आहे तोवर वास जमिनीला धरून राहील, ऊन चढलं की खलास. एक लंगडी म्हातारी कुत्री माझ्या गाडीत. मी म्हटलं, "आबा, मला भीती वाटते त्यांची." तुम्ही चालायला लागला होतात. वळूनसुद्धा पाहिलं नाहीत. धुक्यात दहा पावलांवर दिसेनासे झालात.

ते पावणेदोन तास मी गाडीत बसून काढले. मागच्या सीटवर म्हातारी कुत्री धापा टाकतेय, फाटकाआड अठरा कुत्री एका जागी उभी, एकही भुंकत नाही. सगळ्यांची तोंडं तुम्ही गेलात त्या बाजूला. वेळ झाली तेव्हा मी उतरले. कडी गंजलेली, मी ती चपलेनं ठोकून काढली. फाटक उघडलं आणि मी डोळे मिटून कुंपणाला चिकटून उभी राहिले. मला कुणी शिवलंसुद्धा नाही! एक क्षण नुसतं हुंगण्याचा आवाज, आणि मग एकाने जो सूर लावला, आणि बाकीच्यांनी तो उचलला, तसा आवाज मी त्याआधी किंवा त्यानंतर ऐकलेला नाही. मी डोळे उघडले तोवर ती धुक्यात गेली होती आणि मी एकटीच "जा! जा रे! पळा!" म्हणून ओरडत होते, घसा फुटेस्तोवर. मालक नाही, घोडा नाही, लाल कोट नाही. त्या क्लबची शेवटची शिकार मी सोडली, आबा. हेही पुस्तकात नाही.

गोठ्यावर पोचले तेव्हा ऊन नुकतं पडलं होतं. तुम्ही वाळूत पाय पसरून बसला होतात, तळपायाला फोड, आणि तुमच्या भोवती, अंगावर, मांडीवर कुत्रीच कुत्री. तुम्ही त्यांना मांस वाटत होतात आणि मोजत होतात. म्हातारा बदू कंबरेवर हात ठेवून बघत होता. गाडीतली लंगडी उतरवली तसे तुम्ही म्हणालात, "साडेनौ." म्हातारा म्हणाला, "खलास. आता ही माझी. इन्शाल्ला जगतील." तुम्ही रडत होतात. मी तुम्हाला पहिल्यांदा रडताना पाहिलं, आणि तुम्ही तोंडसुद्धा पुसलं नाहीत.

पुढचं तुम्हाला अर्धं माहीत आहे. क्लबने तुम्हाला फरार दाखवलं. तुम्ही पाच महिने बदूच्या गोठ्यावर कागदांविना राहिलात, मग एक दिवस स्वतः इमिग्रेशनच्या ऑफिसात जाऊन उभे राहिलात, बोटांचे ठसे दिलेत आणि परत कधी यायचं नाही या अटीवर घरी गेलात. दोन वर्षांनी गावात, अंगणात बसल्या बसल्या गेलात. इथून निघताना विमानतळावर मला म्हणाला होतात, "तू कुनाला काय सांगू नगंस. तुज्या नोकरीवर येईल." आणि मी मान हलवली. तुम्हाला वाटलं मी तुमचं ऐकतेय. मी तर आधीच सांगून बसले होते, आबा. कुत्री गायब झाल्याच्या चौथ्या दिवशी सेक्रेटरीसाहेबांची मला ऑफिसात ईमेल आली होती. तुमचे फॉर्म मी भरायचे, त्यामुळे माझा पत्ता त्यांच्याकडे होता. तो कुठे आहे, कुत्री कुठे आहेत? आणि मी उत्तर लिहिलं, की माझा त्यांच्याशी कित्येक महिन्यांत संबंध नाही आणि कुत्र्यांबद्दल मला काहीही ठाऊक नाही. इंग्रजीत, दोन ओळी, खाली 'रिगार्ड्स'.

त्या दोन ओळी एकशेबाराव्या पानावर आहेत. साहेबांच्या शब्दांत. 'त्याच्या सख्ख्या मुलीनेही त्याच्याशी संबंध तोडल्याचे लेखी कळवले.' तुमच्या चोरीचा दुसरा पुरावाच नाही पुस्तकात, हा एवढाच आहे. सोमवारी मी खुर्चीत बसून राहिले ती यासाठी. आता तुम्हाला चोरीतून सोडवायचं तर मला खोटारडी व्हायला हवं, छापील, जाड कागदावर. दोन दिवस मी विचार केला असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण मी विचार केला नाही. मी तापले होते. त्याच संध्याकाळी सेक्रेटरीसाहेबांना व्हिडिओ कॉल लावला.

म्हातारे झालेत. इंग्लंडात कुठेतरी खेड्यात राहतात, मागे भिंतीवर घोड्यांची चित्रं. मला त्यांनी ओळखलं नाही, ऑफिसची बाई म्हणूनच बोलले. मी सांगितलं, मी त्या गड्याची मुलगी. ते थोडे गडबडले, मग म्हणाले, "पण माय डिअर, तूच तर लिहून दिलं होतंस." मी म्हटलं, "खोटं लिहिलं होतं. फाटक मी उघडलं." त्यांनी चष्मा काढला. मग इंग्रज लोक जसं शांतपणे बोलतात तसं म्हणाले, "मग हा तुझ्या शब्दाविरुद्ध तुझाच शब्द झाला. मी कुठला धरू?" मी सणकून कॉल बंद केला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणावं तर ती ईमेल माझीच.

इथवर मंगळवारी रात्री लिहिलं होतं, पुढचं आता, फाइल गेल्यावर लिहितेय. बुधवारी सुट्टी टाकली आणि गाडी काढली. तुमचे जावई म्हणाले, "अगं, काय गरज आहे? पंधरा वर्षं झाली. कोण वाचणारे ते पुस्तक?" मी म्हटलं, "मी वाचलंय." ते म्हणाले, थांब, मीही येतो. म्हातारा बदू कधीच गेला, गोठा आता त्याचा नातू बघतो. आणि आबा, तिथे कुत्री आहेत! सलुकीचे लांब पाय, पण अंग भरलेलं, छाती रुंद, आणि तीन-चारांचे कान तसेच लोंबते, तांबूस. नातू म्हणाला, आजोबांच्या वेळची जात आहे ही, एक हिंदी माणूस चालत घेऊन आला होता. माझ्याकडे एक पांढरी आली, कानांवर तांबूस. मी हड म्हटलं नाही. वीस-पंचवीस फोटो काढले आणि तिथूनच साहेबांना पाठवले.

दहा मिनिटांत त्यांचा फोन. आवाज बदललेला. हा कान कुणाचा, ही छाती कुणाची, हे ते मला सांगायला लागले, पंधरा वर्षांपूर्वीच्या एकेका कुत्रीचं नाव घेऊन, तिच्या आईचं नाव घेऊन. पुस्तकाच्या शेवटी एकोणिसांची नावं आहेतच, वंशावळीसकट. रडतच होते जवळजवळ. माझ्या शब्दावर ज्यांचा विश्वास बसला नाही त्यांचा कुत्र्याच्या कानावर बसला! मला हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, "साहेब, एवढी नावं पाठ आहेत, माझ्या वडलांचं सांगा." ते मग म्हणाले, "आम्ही त्याला बॉय म्हणायचो." पन्नाशीच्या माणसाला, आबा! मी त्यांना तुमचं नाव सांगितलं, तुमच्या वडलांचं सांगितलं, आडनाव सांगितलं, आणि एकेक अक्षर लिहून घ्यायला लावलं.

त्यांची म्हणणी दोन होती. चोरीचं वाक्य काढतो, पण डॉक्टरचं आणि सुईचं लिहू नको, बाकी सभासदांना वाईट वाटेल. मी नाही म्हटलं. मग म्हणाले, सुईचं घालायचं तर तुझी ईमेल आणि ती खोटी होती हेही घालावं लागेल. त्यांना वाटलं मी इथे मागे सरेन. मी म्हटलं, "घाला. माझं नाव पूर्ण घाला, स्पेलिंग मीच बघणार आहे." गुरुवारी सकाळी एकशेबारावं पान मी नव्याने लिहिलं आणि चौकटीतल्या चरबीच्या युक्तीवर तुमचं नाव चढवलं. आमची बॉस लेबनानची आहे, तिला घाईशिवाय दुसरं काही कळत नाही. ती मागे येऊन उभी राहिली, "यल्ला हबीबती, चल लवकर, प्रेसवाले थांबलेत." मग तिने ते पान वाचलं, उभ्याने, अख्खं. "हे तू स्वतःबद्दल लिहिलंस?" मी हो म्हटलं. तिने प्रेसला फोन करून तासभर मागून घेतला. चार वाजता फाइल गेली. आता तुम्ही चोर नाही. कितीही जाऊ दे म्हणा, आता जाणार नाही, हजार प्रती निघतायत.

त्या पानात मी लिहिलंय की मंदीचे दिवस होते, नोकरी आणि व्हिसा जाण्याच्या भीतीने मुलीने खोटं कळवलं. साहेबांनी त्यावर 'क्वाइट अंडरस्टँडेबल' असा शेरा मारला. तुमच्या जावयांनी वाचून माझ्या पाठीवर हात ठेवला. सगळ्यांना पटलं. पण त्या दिवशी असं झालं होतं, की ती ईमेल स्क्रीनवर उघडी होती आणि शेजारच्या टेबलावरची पुण्याची मुलगी चहा घेऊन आली होती. तिने सहज वाचलं आणि म्हणाली, "डॉग्ज? ई! कोण गं हे तुझे?" मी म्हटलं, "कोणी नाही. गावाकडचे एक ओळखीचे आहेत." आणि ती बघत असतानाच उत्तर टाइप केलं, तिला खरं वाटावं म्हणून. माझी नोकरी तेव्हा पक्की होती, काढायच्या माणसांच्या यादीतली नावं आदल्याच आठवड्यात लागली होती, त्यात माझं नव्हतं. भीतीबिती काही नव्हती, आबा. पुस्तकातलं तेवढं वाक्य खोटं आहे, आणि ते मी दुरुस्त करणार नाही. हे लिहिलेलंही कुणाला दाखवणार नाही.